शामभटाची तट्टाणी

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. वर्गातल्या फळ्याच्या वरच्या वीतभर पट्ट्यावर मी आजतागायत एक अक्षर लिहिलेले नाही. ती जागा आमच्या शाळेत सुविचारासाठी राखीव असते आणि तो सुविचार सातवीतला एखादा उंच मुलगा लिहितो. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे पूर्वी लोक मला म्हणत. माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाल्यापासून ते म्हणीचा फक्त पूर्वार्ध म्हणतात.

ह्या उंचीचे मला कधी फारसे दुःख झाले नव्हते. ते गेल्या वर्षी श्रावणात झाले. आमची शाळा कामशेतच्या पलीकडे, नाणे मावळात. रोजचे जाणे-येणे एका जुन्या स्कूटरवर चाले. ती स्कूटर आषाढातच दगावली, तेव्हा एका स्नेह्याने आपली नवी फटफटी काही दिवसांसाठी दिली. हल्ली डोंगरदऱ्यांतून हिंडण्यासाठी म्हणून ज्या गाड्या निघाल्या आहेत, त्यांतली ती एक. पुढचे चाक मोठे, टायरांना गाठी, चिखलापासून हातभर वर राहणारे पोट आणि त्याच्यावर उंच बैठक. चालू असताना ती मोठी गुणी होती. एके दिवशी संध्याकाळी उतारावर म्हशींचा कळप आडवा आला. मी गाडी थांबवली आणि डावा पाय खाली सोडला. जमीन चार बोटे खाली राहिली होती.

त्या चार बोटांच्या अंतरात मी आडवा झालो आणि माझ्या पोटरीवर गाडी. ती मला एकट्याला उचलता येईना. म्हशींमागची दोन पोरे आणि एक शेतकरी ह्यांनी मिळून ती उभी केली. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. सौभाग्यवतींनी त्या सहा आठवड्यांत एकच वाक्य बोलून घेतले, “अहो, आपल्याला झेपेल असं एखादं बघा ना!” थोरली मुलगी तेव्हा बारावीला होती. ती माझ्याहूनही तीन इंचांनी कमी. ती काही बोलली नाही. पण कॉलेजला जाण्यासाठी पुढे आपल्यालाही हीच गाडी चालवायची आहे, हे तिच्या मनात होते आणि मलाही ते ठाऊक होते. कमरेएवढ्या उंच बैठकीकडे ती ज्या नजरेने बघत होती, ती नजर मला पोटरीपेक्षा अधिक दुखली.

खाटेवर पडल्यापडल्या मी वाचत होतो ते उंबरखिंडीविषयी. कादंबरीची जुळवाजुळव चालली होती. इतिहास वाचणाऱ्याला जे दुखत असते तेच पानापानांत दिसू लागते. मला सगळीकडे घोड्यांची उंची दिसू लागली.

आपल्या भाषेने लहान घोड्यावर मोठा अन्याय केलेला आहे. ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी’ ही म्हण घ्या. भाडोत्री माणसाला आपण तट्टू म्हणतो. अश्व किंवा तुरंग म्हणत नाही. ह्या तुच्छतेला दरबारी आधारही आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त घोड्यांची प्रतवारी दिली आहे. पहिला मान अरबीचा, मग इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, आणि अगदी शेवटी ह्या देशातले ताजी व जंगला. त्यांतही जे हलके ते तट्टू. मोगल मनसबदाराची प्रतिष्ठा त्याच्या घोड्याच्या जातीवर मोजली जाई. घोडा जितका उंच, तितका धनी मोठा. आजही लग्नाच्या वरातीत ह्यापेक्षा निराळे काही असते असे मला वाटत नाही.

आमच्या बाजूचे जनावर निराळे होते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या आणि नीरेच्या काठच्या गवताळ पट्ट्यात जे घोडे वाढले, ते भीमथडी. खांद्यापाशी मोजले तर उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. अरबी घोडा पावणेपाच ते पाच फुटांचा असतो, म्हणजे फरक वीतभराचा. पण अरबीला वेळच्या वेळी चंदी हवी, मोतद्दार हवा. भीमथडीचे तट्टू कडब्यावर आणि वाटेतल्या गवतावर भागवी. खूर कणखर, पाठ आखूड, आणि दगडधोंड्यांत पाऊल टाकताना जरा विचार करण्याची सवय. घोड्याच्या अंगी हा शेवटचा गुण फार थोडा आढळतो. माणसाच्या अंगी त्याहून थोडा. राजा बढे ह्यांचे जे गीत २०२३ साली आपले राज्यगीत झाले, त्यात ह्याच तट्टांना मान दिलेला आहे. आमची मुले शाळेत ते छाती पुढे काढून म्हणतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांना ‘ए तट्टू’ म्हणून चिडवतात.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. चित्रपटांतला प्रत्येक मावळा घोड्यावर बसलेला असतो. वास्तविक मावळा हा पायदळाचा गडी. शिवछत्रपतींच्या घोडदळाची पथके निराळी होती आणि त्यांत स्वारांचे दोन प्रकार होते. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. हा भेद मला त्या सहा आठवड्यांत जितका पटला तितका तो शाळेत शिकवताना कधी पटला नव्हता. बारगिराचा घोडा पडला तर तो सरकारचा पडला. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची भाकरी पडली. असा माणूस घोडा निवडताना दिमाख कशाला बघेल? तो खुरे बघेल, दात बघेल, चारा किती लागतो ते विचारील, आणि मांड नीट बसते की नाही हे स्वतः बसून पाहील. स्नेह्याच्या फटफटीवर मी बारगीर होतो. आता शिलेदार व्हायचे होते. घोडा माझा, हप्ताही माझाच.

आता उंबरखिंड. लोणावळ्याहून नागफणीच्या कड्याकडे जाताना कुरवंडे गाव लागते. आज तेथे सुट्टीच्या दिवशी भुट्टे आणि भजी खाणाऱ्यांची गर्दी असते. १६६१ च्या आरंभी शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून होता. त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला कोकण काबीज करायला पाठवले. बरोबर वऱ्हाडातली रायबागन ही शूर बाई. फौज चिंचवड, तळेगाव, वडगाव असे मजल दरमजल करीत मावळातून आली आणि नेहमीचा बोरघाट सोडून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरू लागली. शत्रूला चकवण्याचा बेत होता. खाली अंबा नदीच्या खोऱ्यात चावणी गावाजवळ वाट इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये ओढ्याचा दगडी तळ, आणि पुढे-मागे एकेक निमुळते तोंड. २ फेब्रुवारी १६६१ रोजी महाराजांच्या माणसांनी ही दोन्ही तोंडे बंद केली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त ह्या लढाईचे सविस्तर वर्णन आहे. रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने तो मानला, आणि सामानसुमान टाकून फौज जीव वाचवून परतली.

शौर्य, गनिमी कावा, हेरगिरी, हे सारे ह्या विजयात आहेच. पण मी ती वाट दोनदा पायी उतरलो आहे, आणि कादंबरीकाराला जे सुचते ते मला तेथे सुचले. शंभर पावलांवर एक उंच घोडा अडला की मागचे सगळे अडतात. मोठ्या जनावराला वळायला जागा लागते. स्वार उतरला तर पुन्हा चढायला ओटा हवा किंवा चाकर हवा. दगडावरून पाय घसरला तर जनावर सावरायचे कोणी? त्या ओढ्यात उंचीचा कोणाला काही उपयोग नव्हता. वरून दगड आणि बाण येत असताना उंच माणूस फक्त अधिक सोपा नेम होतो.

ह्याच मुलखात एकशे अठरा वर्षांनी हाच धडा दुसऱ्या एका फौजेला मिळाला; मात्र तिचे दुखणे उंचीचे नव्हते, ओझ्याचे होते. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या डिसेंबरात बोरघाट चढून खंडाळ्याला आली. लढणारे चार हजारांच्या आत, आणि त्यांचे सामान वाहणारे बैल सुमारे एकोणीस हजार. माणशी जवळजवळ पाच बैल! खंडाळा ते कार्ला हे अंतर आज गाडीने थोड्याच वेळात काटता येते. त्या फौजेला तेवढ्यासाठी दहा-बारा दिवस लागले. मराठ्यांची हलकी पथके भोवती घिरट्या घालीत होती, वाटेवरचा दाणागोटा जाळीत होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूष होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले; शत्रूला असे नाव देण्याइतकी दिलदारी त्या काळी होती. तळेगावला पोचावे तो गाव जळालेले. अखेर तोफा तळ्यात ढकलून आणि सामान पेटवून देऊन इंग्रज रात्री मागे फिरले, वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्यांना वेढले आणि वडगावचा तह झाला. जे उचलता येत नाही ते बरोबर घेऊन मावळात येऊ नये, असे त्या एकोणीस हजार बैलांना विचारले असते तर त्यांनीही सांगितले असते.

पुढे इंग्रजांनी घाटच बदलला. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी घाट चढली, आणि तट्टांचे दिवस संपले. ते धनगरांच्या वाड्यांवर तेवढे उरले. करनालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

घोड्याची जागा फटफटीने घेतली. १९५५ पासून मद्रासेत बुलेट तयार होऊ लागली. ती जड आणि भारदस्त. तिच्यावर फौजदार शोभावा. म्हैसूरची जावा तिच्यामागून आली. आमच्या भागात खरी घरोघर गेली ती राजदूत. दुधाच्या किटल्या दोन बाजूंना, मध्ये गवळी. १९७३ साली ‘बॉबी’ चित्रपट आला आणि त्यातली बुटकी राजदूत सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. माझ्या मापाची गाडी मोठ्या पडद्यावर दिसण्याचा तो एकच प्रसंग असावा. १९७२ च्या लुनाने आणि नंतरच्या एम-एटीने ठेंगण्या माणसांची, बायकांची, वृद्ध शिक्षकांची केवढी सोय केली! त्यांच्यावर कोणी पोवाडे रचले नाहीत. जपानात १९५८ साली निघालेली होंडाची सुपर कब अशीच लहानखुरी. तिची संख्या २०१७ साली दहा कोटींवर गेली. जगातला ऐरावत शेवटी तट्टाणीच निघाला म्हणायचा.

पण लुना राजमाचीच्या वाटेवर चालत नाही आणि नाणे मावळातल्या पावसात तर नाहीच. मला शाळाही गाठायची होती आणि कादंबरीसाठी मावळातले गडही पालथे घालायचे होते. तेव्हा प्लास्टर निघाल्यावर मी आणि मुलगी दोघे वही घेऊन बसलो. आधी स्वतःचे माप घेतले. भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट धरून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत. माझे भरले साडेअठ्ठावीस इंच. मग बैठकींची मापे लिहिली. के. टी. एम. ची ३९० ॲडव्हेंचर २०२० साली आली तेव्हा तिची बैठक ८५५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचौतीस इंच होती. ही गाडी तयार होते चाकणला, आमच्या शेजारच्या तालुक्यात. तेथला भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला होता. चाकणचे उंच घोडे चाकणलाच राहू द्यावेत, असे आम्ही ठरवले. रॉयल एनफील्डची पहिली हिमालयन ८०० मिलिमीटरची, साडेएकतीस इंच; मांड उत्तम बसे. हिरोची एक्सपल्स २०१९ साली आली ती ८२३ मिलिमीटरची.

ह्या हिशेबाने हिमालयन घ्यायला हवी. मुलीने विचारले, “बाबा, वजन लिहिलं का?” हिमालयन जवळजवळ दोनशे किलो, एक्सपल्स एकशे सत्तावन. त्रेचाळीस किलो म्हणजे पोत्यात जवळजवळ तेवढेच धान्य मावते. मला एकोणीस हजार बैल आठवले. पाय टेकतो की नाही हा एक प्रश्न. पाय टेकूनही पडलोच तर एकट्याला उभी करता येते की नाही, हा दुसरा. नाणे मावळात संध्याकाळी सहानंतर म्हशींमागची पोरे प्रत्येक वळणावर असतातच असे नाही.

शिवाय कागदावरचे माप सगळे सांगत नाही. माणूस बसला की गाडीची कमान दबते आणि इंचभर तरी खाली जाते. बैठक पुढे निमुळती असेल तर मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली पोचतो. रुंद असेल तर तीच उंची दोन इंचांनी वाढल्यासारखी होते. जाड तळाचा बूट अर्धा-पाऊण इंच देतो. काही लोक मागची कमान बदलून सगळी गाडीच ठेंगणी करतात. तसे केले की गाडीचे पोट दगडावर घासते, उभी करण्याचा टेकू लांब पडतो, आणि ज्या वाटेसाठी गाडी घेतली तीच वाट बंद होते. उंच बैठक काही केवळ दिमाखासाठी नसते. चाकाला खड्ड्यात खालीवर व्हायला जागा लागते, ती जागा त्या उंचीत असते. हे कळल्यावर माझा उंच गाड्यांवरचा राग निम्मा गेला.

दुकानातला तरुण विक्रेता भला होता. तो म्हणाला, “सर, उंचीची सवय होते.” मी म्हटले, “बाबा, पंचेचाळीस वर्षं झाली, अजून व्हायची आहे.” मग मी गाडीवर बसून दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडला, किंचित एका बाजूला सरकून एकच पाय पुरता टेकवून पाहिला. मुलीनेही पाहिला, तिचा चवडा टेकला, टाच राहिली. तिने गाडी उतरून ढकलली, मागे घेतली, वळवली. मग दुकानाच्या मागच्या अंगणात आम्ही गाडी जुन्या गादीवर हळूच आडवी केली आणि तिला एकटीला उचलायला लावली. पाठ गाडीकडे करून, गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी धरून तिने ती दुसऱ्या खेपेला उभी केली. विक्रेत्याचा जीव तोवर खालीवर होत होता. त्याने आम्हाला चहा पाजला, तो गाडी खपल्याच्या आनंदाने की ओरखडा न पडल्याच्या, हे कळले नाही.

कोणती घेतली ते वाचकांनी ताडले असेल. तळेगावच्या एका गादीवाल्याकडून बैठकीचा पुढचा फोम इंचभर कापून घेतला आणि कडा तासून घेतल्या. दसऱ्याला पूर्वी घोड्यांना न्हाऊ घालून झेंडूच्या माळा घालीत. आम्ही फटफटीला घातली. सौभाग्यवतींनी चाकाखाली लिंबू ठेवले आणि माझ्या पोटरीकडे एकदा पाहून घेतले.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी मुलीला मागे बसवून कुरवंड्याला निघालो. कार्तिकात देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. वळणावर एक वाडाच समोर आला. मेंढरे पुढे, मागे तीन-चार तट्टे. पाठीवर घोंगड्या, भांडी, बाजेचे माचवे, आणि एका ओझ्यावर दोन कोंबड्या आणि एक लहान मूल. मी उतारावरच थांबलो आणि पाय खाली सोडला. डांबर लागले.

म्हातारा धनगर जवळ येऊन थांबला. त्याने गाडी पुढून मागून पाहिली, चाकाला काठीने हलकेच टोचले.

“पाव्हणं, नवं दिसतंय.”

“होय बाबा. दसऱ्याला घेतलं.”

“लई उंच न्हाई, बरं हाय. खातंय काय?”

“पेट्रोल. लिटरभरात पस्तीस-चाळीस किलोमीटर.”

त्याने मागच्या तट्टाकडे पाहिले. ते रस्त्याच्या कडेला मान खाली घालून ओले गवत ओढीत होते, आणि मुलगी केव्हाच गाडीवरून उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली होती. तट्टाची पाठ तिच्या छातीला लागत होती.

“आमचं ह्याच्यावर भागतं,” म्हातारा म्हणाला आणि मेंढरांना हाळी देत घाटाकडे वळला.